जुन्नरचा हिरडा, विनयातील औषध आणि पोटातले जंतू

पावसाळ्यात डोंगरउतारावरचे गढूळ पाणी विहिरीत आणि झऱ्यात उतरते. त्यासोबत ई. कोलाय, शिगेला, साल्मोनेला असे आतड्याचे जंतू येतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हे पाणी जिथे पिले जाते, त्याच रानात हिरडा पिकतो. महादेव कोळी कुटुंबे त्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, उन्हाळ्यात वेचून, वाळवून विकतात.

आपल्याला हिरड्याची ओळख धम्मातूनही आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. सावत्थीत शरद ऋतूच्या आजाराने भिक्खूंना पेजही पचत नव्हती, उलटून पडत होती, ते कृश झाले होते. तिथून या प्रकरणाची सुरुवात होते. पुढे तथागतांनी ज्या फळांना औषध म्हणून अनुमती दिली, त्यांत हरीतक म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा आहेत.

हिरड्याचा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटते. म्हणून तर चामडे कमावायला हिरडा पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. कातड्यातील प्रथिने बांधली गेली की ते कुजत नाही. जंतूच्या आवरणावरही प्रथिने असतात आणि टॅनिन तिथेही चिकटते. हिरड्यातील चेब्युलॅजिक व गॅलिक आम्लांसारख्या घटकांनी शिगेला, साल्मोनेला यांसारख्या जंतूंची वाढ रोखल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेची बशी वेगळी आणि आतडे वेगळे. पोटात अन्नातील प्रथिनेच आधी टॅनिन पकडून ठेवतात. शिवाय पिकलेला हिरडा रेचक आहे, जुलाबात तो उलटा पडू शकतो. ‘हिरडा घ्या, टायफॉइड पळवा’ असे संदेश आपल्या ग्रुपवर आले तर आपण ते पुढे पाठवू नयेत.

रोजच्या जेवणातली मदत साधी आहे. नाचणीची आंबील आंबते तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्या आंबटपणात बरेच रोगजंतू वाढू शकत नाहीत. ताकाचेही तेच, फक्त त्यात घातलेले पाणी उकळलेले हवे. लसणातील जंतुनाशक अ‍ॅलिसिन पाकळी ठेचल्यावरच तयार होते. अख्खी पाकळी शिजवली तर ते फारसे बनत नाही.

आणि शेवटी प्रश्न पाण्याचाच. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत पोढींची, म्हणजे पाण्याच्या टाक्यांची, दाने कोरलेली आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्याची नोंद शिवनेरीवर आहे. परदेशी माणसालाही इथे पाणी देणे हे पुण्य वाटले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते पाण्यावरचा हक्क बजावायला. शुद्ध पाणी हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

तेव्हा वाडीवर गेलात तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला दोन गोष्टी विचारा: टीसीएल पावडर शेवटची कधी टाकली, आणि पाण्याचा नमुना तपासणीला कधी गेला. जुलाब लागले तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. शौचात रक्त दिसले, ताप चढला किंवा मूल मलूल पडले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.