दुर्गम प्रदेश आणि कादंबरीतला संघर्ष : 'एका नक्षलवाद्याचा जन्म'

कादंबरीवर उत्तर लिहिताना 'वातावरण' हा घटक आपण दोन ओळींत उरकतो. 'घनदाट जंगल, आदिवासी गावं' असं लिहिलं की झालं! पण काही कादंबऱ्यांत जागा बदलली तर कथाच उरत नाही. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही त्यातलीच एक.

आधी प्रदेश समजून घेऊ. १९८२ मध्ये चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यातल्या भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. लोक माडिया बोलतात, सरकारी कागद मात्र मराठीत. लेखक हेमलकसा इथल्या लोकबिरादरी प्रकल्पाचे कार्यकर्ते, म्हणून हे जग त्यांनी जवळून पाहिलेलं आहे.

आता या तुटलेपणातून संघर्ष कसा उभा राहतो, ते बघा.

१. माणूस आणि निसर्ग : पूर, आजार, उपासमार. दवाखाना दूर, मध्ये नदी. पण रानच पोटाला देतं, म्हणून रान शत्रू नाही.

२. माणूस आणि व्यवस्था : शहरात अन्याय झाला तर वरचा अधिकारी, वकील, वर्तमानपत्र असतं. इथं गावात येणारा गार्ड म्हणजेच सरकार! रानातून लाकूड-बांबू आणणं ही रोजची गरज, पण तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत तोच गुन्हा. भाषा येत नाही, मग बाजू मांडायची कशी?

३. दोन बंदुकांमधला माणूस : १९८० च्या सुमारास या भागात नक्षलवादी आले. रात्री बंदूकधाऱ्यांनी जेवण मागितलं तर नाही म्हणता येत नाही. सकाळी पोलीस विचारणार, जेवण का दिलं? पळून जावं तर कुठं?

अशा ठिकाणी जगायचे मार्ग थोडेच : गप्प राहणं, गावाला धरून राहणं, नाहीतर एक बाजू निवडणं. शीर्षकातला 'जन्म' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. माणूस नक्षलवादी म्हणून जन्माला येत नाही, एकेक वाट बंद होत तो घडत जातो. मात्र लक्षात ठेवा, कारण समजून घेणं म्हणजे हिंसेचं समर्थन नव्हे.

उत्तर लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : हीच माणसं पुण्यात राहत असती तर हे घडलं असतं का? 'नाही' असं उत्तर आलं, तर त्याचं कारण लिहा. तेच तुमचं खरं उत्तर.