साच्यांच्या गावात ऐकावं काय?

परवा धामणकर नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात टेबलावरचा चहा सांडेपर्यंत भांडण झालं. विषय राजकारण नव्हता, क्रिकेट नव्हता, सुताचा भावही नव्हता. फोनवर ऐकावं काय, यावर भांडण होतं! एका बाजूला निवृत्त मास्तर, दुसऱ्या बाजूला चाचा, ज्यांनी चाळीस वर्षं माग चालवला, आणि मध्ये माझी भाची, जी माणकोलीच्या बाजूला एका गोदामात पार्सलांवरचे पट्टे वाचण्याचं काम करते. मी आपला नेहमीसारखा हिशेबनीस. आयुष्यभर मागवाल्यांच्या वह्या लिहिल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंची बाकी मांडून ठेवण्याची सवय.

भिवंडीत ऐकण्यावर भांडण व्हावं, यातच एक गंमत आहे. हे गाव ऐकू न येण्यासाठी प्रसिद्ध! आमच्याकडच्या नातेवाइकांत एक विनोद आहे, की भिवंडीचा माणूस कुठल्याही लग्नात ओळखू येतो. तो शेजारच्याशीही पलीकडच्या मांडवात असल्यासारखा बोलतो. विनोद आहे, पण खोटा नाही. साध्या यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा आहे आणि आमच्याकडे पाळी बारा तासांची. धोटा एका टोकावर आपटतो, मग दुसऱ्या टोकावर, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, आणि असे वीस-चोवीस माग एका पत्र्याखाली. तिथे माणसं ओठ वाचतात, हातांनी बोलतात. 'कांडी संपली', 'बीम आलं', 'मालक आला' याच्या ठरलेल्या खुणा आहेत.

म्हणून आमच्या गावात रेडिओ कारखान्यात कधी नव्हताच. तो हॉटेलात होता. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ सालापासून कामगारांना वाचून दाखवायला एक माणूस नेमलेला असे. उंच चौथऱ्यावर बसून तो सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी वाची. त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत आणि कुठलं पुस्तक वाचायचं यावर मतं घेत. ड्यूमाची 'माँटे क्रिस्टो' तिथे इतकी आवडली, की तिच्या नावाची सिगार निघाली. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही हीच रीत होती. एकाने वाचायचं आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. पण विडी आणि सिगार हे मुके धंदे. माग बोलू देत नाही. त्यामुळे आमचं ऐकणं पाळी सुटल्यावरचं, चहाच्या टेबलावरचं, आणि म्हणूनच कदाचित भांडणाचं.

माझ्या लहानपणी हे भांडण घरातच होतं. रेडिओ एक आणि माणसं सात. वडिलांना बातम्या, आईला 'वनिता मंडळ', आत्याला 'आपली आवड'. 'पुन्हा प्रपंच' लागलं की मात्र तहनामा होई. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही आमच्या घरची माणसं असल्यासारखी होती. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर अमीन सायानींची 'गीतमाला'. १९५२च्या डिसेंबरात सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचं श्रेय खरं तर आपल्याच एका मराठी माणसाला द्यायला हवं! नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. त्यांनी आकाशवाणीवरून ती जवळजवळ घालवलीच, आणि सगळा देश सिलोनची सुई शोधू लागला. १९५७ साली 'विविध भारती' काढून सरकारला माघार घ्यावी लागली. लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवायला गेलं की लोक सुई फिरवतात.

हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मेहता, तुमचं म्हणणं खरं, पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं १९५५ साली 'गीतरामायण' दिलं. वर्षभर, आठवड्याला एक, छप्पन्न गाणी. निवड करणारा कुणी नसता तर ते झालं असतं?" मास्तरांचा पॉडकास्टवरचा आक्षेप नेमका हाच आहे. इथे निवडणारा कुणी नाही, कात्री लावणारा कुणी नाही. दोन माणसं माईकपुढे बसतात आणि दोन-दोन तास बोलतात. "पूर्वी श्रुतिका अर्ध्या तासात बसवायची म्हणून लेखक रात्र-रात्र जागायचा. आता वेळ फुकट म्हणून शब्दही फुकट!"

शब्द तसा जुना नाही. 'पॉडकास्ट' हे नाव २००४च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सले या पत्रकारानं इंग्लंडच्या 'गार्डियन'मध्ये सुचवलं. 'आयपॉड'मधला पॉड आणि प्रक्षेपणातला कास्ट. दुसऱ्याच वर्षी एका अमेरिकन शब्दकोशानं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. गंमत म्हणजे तो आयपॉड २०२२ साली बंद झाला आणि नाव तेवढं उरलं. २०१४ साली अमेरिकेत 'सीरियल' या मालिकेनं बाल्टिमोरमधल्या १९९९च्या एका खुनाची फेरतपासणी बारा भागांत केली आणि लोकांनी श्वास रोखून ती ऐकली. आमच्याकडे हे वारं पोचलं ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर.

भाचीचा पक्ष तिचा तिनंच मांडावा इतका जोरदार आहे. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला काय, तुम्ही बसून ऐकता. मी सकाळी साडेसहाला निघते, रात्री आठला घरी. जाता-येता रिक्षात मिळून दोन तास. ते दोन तास माझे आहेत." तिच्या फोनवर 'अमुक तमुक' आहे, 'व्हायफळ' आहे, सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' आहे. बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' ती आम्हाला सगळ्यांना ऐकवू पाहते, कारण त्यात एकच विषय घेऊन तो उलगडतात आणि आटोपतात. पण तिचं खरं प्रेम 'अमुक तमुक'वाल्यांच्या 'खुसपुस'वर. शरीराविषयी, लग्नाविषयी, मनाच्या आजारांविषयी डॉक्टरांशी मराठीत सरळ बोलतात. मास्तर जरा चुळबुळले. ती म्हणाली, "मास्तर, हे मला घरी कोण सांगणार होतं? तुम्ही?" मास्तरांनी चहाचा घोट घेतला. माझ्या वहीत हा मुद्दा भाचीच्या जमेला.

पण तिची एक तक्रारही होती, आणि ती मला कुणी समीक्षक करणार नाही अशी वाटली. "सगळे पुण्यासारखं बोलतात, मामा. आपल्याकडच्यासारखं कुणीच नाही." खरं आहे ते. भिवंडी तालुक्यात आगरी बोलतात. कोकणी मुसलमानांची आपली एक बोली आहे, तीही मराठीच्याच घरातली. पद्मानगरातला पद्मशाली विणकर घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलतो. निजामपुऱ्यात उर्दू, शांतीनगरात भोजपुरी आणि अवधी. एवढ्या जिभा एका गावात! आणि कानात घालून ऐकायला मिळते ती मात्र सदाशिव पेठेची धुतलेली मराठी. मला त्या मराठीचा राग नाही, मी तीच लिहितो आहे. पण गावात चाललेलं बोलणं फोनमध्ये सापडत नाही, हे भाचीनं अचूक पकडलं.

चाचांचा पक्ष निराळा. त्यांना गप्पा नकोतच. "दो आदमी हँस रहे हैं, तीसरा मैं पैसा खर्च करके उनकी हँसी सुनूँ?" असं त्यांचं म्हणणं. हिंदीतलं 'तीन ताल' त्यांच्या नातवानं ऐकवलं. चाचा म्हणाले, असले टोळभैरव आपल्या हॉटेलात फुकट आहेत! त्यांना हवं ते वाचन. झिया मोहिउद्दीन मुश्ताक अहमद युसूफींचं वाचतात, ते चाचा रोज रात्री ऐकतात. झियासाहेब २०२३च्या फेब्रुवारीत गेले, तरी चाचांच्या उशाशी ते आहेतच. एक आवाज, सावकाश, प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारलेला.

इथे मला माझी बाकी मांडावी लागली. कारण चाचांची आवड ही फक्त आवड नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं. कान तपासायला गेलो होतो. मी माग चालवला नाही, पण माझी बसायची जागा कारखान्याच्या लाकडी फळीपलीकडे होती, तीस-बत्तीस वर्षं. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर एक रेघ दाखवली. सरळ चाललेली, आणि चार हजार हर्ट्झच्या जवळ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली. त्या म्हणाल्या, आवाजानं कान जातो तो आधी इथेच. स्वर ऐकू येतात. जातात ते 'स', 'श', 'फ', 'त'. म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' असं तुम्ही म्हणता. आणि दोघे एकदम बोलायला लागले की सगळं पीठ होतं.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एवढंच होतं, की चाचांना गप्पा आवडत नाहीत असं आम्ही दहा वर्षं समजत होतो. त्यांना त्या कळतच नव्हत्या! त्यांच्याइतका गप्पिष्ट माणूस या नाक्यावर नव्हता. आता ते मागे टेकून बसतात आणि मध्येच काहीतरी वेगळंच बोलतात, तेव्हा पोरं हसतात.

म्हणून भाचीच्या कानातल्या त्या पांढऱ्या बोळ्यांची मला धास्ती वाटते. तिच्या गोदामात ते घालायला बंदी आहे, फोर्कलिफ्ट फिरतात म्हणून, ते बरंच. पण मागावरची नवी पोरं ते घालून उभी असतात. मागाचा आवाज शंभर, त्यावर गाणं किंवा गोष्ट ऐकू यायची तर बटण कुठवर जाणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली जे मान ठरवलं, त्यात ऐंशी डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतात. आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे नव्वदला आठवड्यात चार तास! पुढचा हिशेब मी वहीत केला आणि खोडून टाकला. कापसाचा बोळा किंवा रबरी बूच घाला, म्हणून कितीदा सांगितलं. पोरं म्हणतात, बारा तास नुसता खडखड ऐकून डोकं फिरतं, मेहताजी. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

असो. चहा दुसऱ्यांदा आला तेव्हा मास्तरांनी तडजोड सुचवली. प्रत्येकानं एकच सुचवायचं, आणि बाकीच्यांनी ते पुरतं ऐकायचं. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा नाक्यावर कानाला जरा सवड असते. भाचीनं 'गोष्ट दुनियेची' दिली. चाचांनी युसूफी. मास्तरांनी हट्टानं आकाशवाणीच्या जुन्या श्रुतिका. मी सुचवलं, की एखादं मराठी पुस्तकच ऐकू. २०१७ साली 'स्टोरीटेल' आल्यापासून मराठी पुस्तकं कानानं वाचायची सोय झाली आहे, आणि वाचणारा एकच असतो. माझा स्वार्थ उघड होता. चाचा माझ्याकडे बघून हसले.

युसूफी फोन टेबलावर ठेवून ऐकला. मास्तरांना उर्दू अर्धी कळली, भाचीला पाव. पण चाचा प्रत्येक वाक्यानंतर फोन थांबवून आम्हाला समजावून सांगू लागले, आणि त्या समजावण्यातून ते भलतीकडेच गेले. आझमगढहून आले तेव्हाची भिवंडी, वऱ्हाळा तलावावरची संध्याकाळ, १९८२च्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि इथे रातोरात माग वाढले ते दिवस. मग १९९२चा डिसेंबर. मुंबई पेटली होती, आणि ज्या भिवंडीचं नाव १९७० आणि १९८४च्या दंगलींनी काळं झालं होतं, ती शांत राहिली. सुरेश खोपडे यांनी इथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. गल्लीतल्या दोन्हीकडच्या माणसांना एका सतरंजीवर बसवायचं, नियमानं, काही कारण नसतानाही. चाचा आणि मास्तर एकाच समितीत होते, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एका टेबलावर चहा पितो आहोत!

"तेव्हा अफवा आली की आम्ही बीबीसी लावायचो," मास्तर म्हणाले. "हिंदीवरून ऐकायचं, मग चाचा उर्दूवरून ऐकायचे, दोन्ही जुळलं तर खरं." बीबीसीची ती हिंदी रेडिओसेवा २०२०च्या जानेवारीत बंद झाली.

भाचीनं केव्हा फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं ते आम्हाला समजलंच नाही. एकेचाळीस मिनिटं भरली. रिक्षांचे भोंगे आहेत, कपबशा आहेत, चाचा वरच्या पट्टीत आणि मास्तर मध्येच त्यांना तोडणारे. तिनं ते गोदामातल्या चार मैत्रिणींना पाठवलं. त्यातल्या एकीनं कळवलं, की तिचे आजोबाही असंच बोलायचे, पुढचं कधी?

पुढचं कधी, यावर आता भांडण आहे. चाचा म्हणतात, १९८४वर बोलू, आम्ही गेल्यावर कोण सांगणार? मास्तर म्हणतात, ते नको, फोनवर तर नकोच; कोण कुठलं वाक्य कापून कुठे लावील याचा भरवसा नाही. मी मास्तरांशी सहमत आहे आणि चाचांशीही. भाची म्हणते, आधी एकदा बोला तरी, पाठवायचं की नाही ते नंतर ठरवू. या शुक्रवारी साडेपाचला बसायचं ठरलं आहे. माझी जागा चाचांच्या डाव्या बाजूला. त्यांचा तो कान जरा बरा आहे.