४२५ आकडी निवड

डोंबिवली एमआयडीसीत फेज टूच्या एखाद्या शेडमध्ये १०,००० नगांचा लॉट बांधून तयार आहे असं समजा. पितळी फिटिंग असेल, रबरी सील असेल, काहीही. १०० खोकी, प्रत्येकात १०० नग. टेम्पो दाराशी लागला आहे. बाहेरच्या संस्थेचा इन्स्पेक्टर येतो, व्हर्नियर आणि गेज टेबलावर मांडतो आणि २०० नग काढायला सांगतो. त्यांत १० पर्यंत खराब निघाले तर माल पास. अकरावा निघाला की अख्खा लॉट जागीच थांबला.

हे दहा आणि अकरा कुणाच्या मर्जीने ठरलेले नाहीत. आयएसओ २८५९ या आंतरराष्ट्रीय मानकात आणि आपल्या आयएस २५०० मध्ये त्याची कोष्टकं आहेत, आणि वरचा आकडा त्यांतल्या नेहमीच्या वापरातल्या अडीच टक्के पातळीचा आहे. लॉटनुसार नमुन्याचा मूळ आकार देणारं कोष्टक वरून खाली वाचत गेलं की डोकं चक्रावतं. १०,००० पर्यंतच्या लॉटला २०० नग. ३५,००० पर्यंत ३१५. दीड लाखापर्यंत ५००. पाच लाखांपर्यंत ८००. त्यापुढे लॉट कितीही मोठा असो, १,२५०. एक कोटी नग असले तरी १,२५०, म्हणजे ८,००० मधला एक. लॉट हजार पटींनी वाढला आणि तपासणी जेमतेम सहा पटींनी.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि पातेलं चौघांचं आहे की लग्नाच्या पंगतीचं, यावरून कुणी जास्त शितं दाबून बघत नाही. भात नीट ढवळलेला असला म्हणजे झालं. गणितही तेच सांगतं. शेकडा एक नग खराब असेल, तर कुठलेही ३०० नग उचलल्यावर त्यांत एकही खराब न सापडण्याची शक्यता शंभरात पाच एवढीच उरते. लॉट दहा हजारांचा असो की कोटीचा, या उत्तरात फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या २०० नगांचं बोलायचं तर शेकडा एक खराब असलेला लॉट जवळजवळ नेहमी पास होतो आणि शेकडा दहा खराब असलेला शंभरात जेमतेम एकदा निसटतो. मधल्या पट्ट्यात, शेकडा पाचच्या आसपास, निम्म्याहून अधिक वेळा माल पास होऊन जातो. ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

सगळेच नग का तपासत नाहीत? एका नगाला एक मिनिट धरलं तर २०० नगांना ३ तास २० मिनिटं लागतात. १०,००० नगांना आठ तासांच्या जवळजवळ २१ पाळ्या. आणि काही मालाची तपासणी म्हणजेच त्याचा नाश. अंबरनाथच्या विमकोमध्ये आगपेट्या बनत. काडी पेटते की नाही हे पेटवल्याशिवाय कळत नाही, आणि पेटवलेली काडी विकता येत नाही. तिथे नमुना घेण्याला पर्यायच नव्हता. या नमुना-तपासणीचा पाया बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी घातला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या खरेदीमुळे ती सर्वत्र पसरली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे जनक वॉल्टर श्यूहार्ट यांना भारतात बोलावून घेतलं.

आता खरा आकडा. १०,००० नगांतून २०० नग किती निरनिराळ्या प्रकारे निवडता येतील? उत्तर ४२५ आकडी संख्या आहे. दृश्य विश्वातल्या एकूण अणूंची अंदाजे संख्या १ वर ८० शून्यं एवढी सांगतात. ही संख्या १ वर ४२४ शून्यं दिली तरी तिच्याहून मोठीच भरते. इन्स्पेक्टरच्या हातात एवढं प्रचंड शस्त्र असतं. तो कुठे हात घालेल हे कारखानदाराला कधीच ओळखता येत नाही, म्हणून खराब नग लपवायला शेडमध्ये जागाच उरत नाही. २०० नगांच्या जोरावर १०,००० नगांचा न्याय करता येतो तो या बळावर.

आणि हे बळ किती झटकन संपतं तेही बघा. इन्स्पेक्टर दमला आहे, तो सुटे नग काढण्याऐवजी १०० खोक्यांतली कुठलीही दोन अख्खी खोकी घेतो. ४२५ आकडी संख्या घसरून ४,९५० वर आली. मागची खोकी काढायला माणूस नाही, म्हणून तो पुढच्या दहांतली दोन घेतो. आता उरले ४५ प्रकार. कारखान्याचा सुपरवायझर म्हणतो, साहेब, ही दोन उघडूनच ठेवली आहेत. प्रकार उरला एक. कागदावर अजूनही २०० नगच तपासलेले दिसतात, रिपोर्टवर शिक्काही तोच असतो. पण पुढची दहा खोकी चोख भरली की मागच्या ९० खोक्यांतले ९,००० नग भंगार असले तरी माल बिनबोभाट पास होतो.

म्हणून तपासणीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इन्स्पेक्टरचं मोकळेपण. त्याच्याकडचं गेज कुठल्या कंपनीचं आहे ही फार पुढची गोष्ट. त्याची फी कोण देतो, पुढच्या महिन्यात त्याला बोलवायचं की नाही हे कोण ठरवतो, यावर ती ४२५ आकडी संख्या टिकते किंवा कोसळते.

ठाणे, कल्याण-डोंबिवली पट्ट्यात हा प्रश्न एका शेडपुरता राहत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि ठाण्याचं वागळे इस्टेट त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींतलं. आज वागळे, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथल्या लहान युनिटांतून जॉब वर्कवर सुटे भाग निघतात, दुसऱ्या युनिटात जातात, तिसऱ्यात जोडले जातात. अशा साखळीत टक्केवारीचा गुणाकार होतो. एका यंत्रात १०० भाग असतील आणि प्रत्येक पुरवठादाराचा माल ९९ टक्के निर्दोष असेल, तर सगळे भाग निर्दोष असलेली यंत्रं शंभरात फक्त ३७ निघतात. ९९ टक्के हे शाळेत शाबासकीचे गुण. इथे त्यामुळे तीनांतली जवळपास दोन यंत्रं सदोष निघतात. तोच आकडा ९९.९ वर नेला तर शंभरातली ९० यंत्रं सुटतात. ९९ आणि ९९.९ मधला हा दशांश डोळ्यांना दिसत नाही, पुरवठादाराच्या शब्दावरूनही कळत नाही. तो मोजावाच लागतो. आणि निर्यातीचा माल जातो कुठे, तर न्हावाशेव्याच्या बंदरात. तिथे २०२४-२५ मध्ये वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने ७० लाखांहून अधिक कंटेनरांची चढउतार झाली. ते एकापुढे एक मांडले तर रांग ४२,००० किलोमीटर भरेल. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे.

जिथे एकही चूक खपत नाही तिथे कोष्टक उपयोगी पडत नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार म्हणून ग्लिसरिन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालय, औषध प्रशासन, पुरवठादार अशा साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर ठपका ठेवला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. कागद प्रत्येकाकडे होते. पिंपात खरंच काय आहे हे रुग्णाच्या पोटात जाण्याआधी, विक्रीशी संबंध नसलेल्या कुणीतरी बघायला हवं होतं.

त्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी, २०२५ मध्ये, कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात तेच विष ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे ४८६ पट. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत. २०० लिटरच्या एका पिंपातून ६० मिलिलिटरच्या ३,३३३ बाटल्या भरतात, म्हणून औषधात जाणाऱ्या अशा द्रव्यांचं प्रत्येक पिंप वेगळं तपासायचं असतं. मला सगळ्यात जास्त टोचते ती पुढची गोष्ट. गांबियात भारतीय खोकल्याच्या औषधांशी जोडल्या गेलेल्या मुलांच्या मृत्यूंनंतर १ जून २०२३ पासून भारतातून निर्यात होणारं खोकल्याचं प्रत्येक औषध सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणं सक्तीचं झालं, आणि त्या प्रयोगशाळांत मुंबईची केंद्रीय प्रयोगशाळाही आहे. जहाजावर चढणाऱ्या बाटलीला तिसऱ्या माणसाची नजर लागू झाली. छिंदवाड्याला जाणाऱ्या बाटलीला ती लागू नव्हती.

तिसरा माणूस नेमला तरी त्याचे पैसे कुठून येतात यावर सगळं अडतं, याचा पुरावा शेजारच्या गुजरातेत आहे. तिथे कारखान्याचं प्रदूषण तपासणारा ऑडिटर कारखानाच निवडायचा आणि कारखानाच त्याचे पैसे द्यायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी ४७३ कारखान्यांवर दोन वर्षं प्रयोग केला. चालू पद्धतीत ऑडिटरांच्या कागदावर धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के होते. त्याच धुराड्यांची दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे मोजणी केल्यावर ते निघाले ५९ टक्के. रिपोर्टांतले आकडे मर्यादेच्या अगदी खाली गर्दी करून बसले होते. मग निम्म्या कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठीने नेमून दिले, फी सामायिक खात्यातून ठरीव दिली, आणि काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करवल्या. खोटं ‘ठीक आहे’ लिहिणं ८० टक्क्यांनी घटलं आणि कारखान्यांनी धूरही खरोखर कमी केला. माणसं तीच, यंत्रं तीच. बदलला होता तो पैशाचा रस्ता.

डोंबिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला सगळ्या राज्याने पाहिला आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तो पाहायला आले. २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ जण गेले, २३ मे २०२४ च्या स्फोटात दहाहून अधिक. या घटना मालाच्या तपासणीतल्या नाहीत, त्यांची कारणं वेगळी आहेत. पण इथे कारखान्याच्या कुंपणापलीकडे लगेच सोसायट्यांच्या खिडक्या सुरू होतात, आणि आतला कुठलाही कागद खरा आहे का, हा प्रश्न त्या खिडकीतल्या माणसाचाही असतो. देणारा आणि घेणारा यांनी आपसांत मिटवायची ती बाब नाही.

ठाण्यात लघुउद्योगांची ‘टिसा’ आहे, कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात कारखानदारांची ‘कामा’ आहे. या संघटनांनी मनावर घेतलं तर सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. सभासद कारखान्यांनी वर्षाच्या सुरुवातीला तपासणीची ठरीव रक्कम एका सामायिक खात्यात भरायची. कुठल्या लॉटला कोणता इन्स्पेक्टर, हे चिठ्ठीने ठरवायचं. इन्स्पेक्टरने कोणते नग काढायचे तेही शेडमध्ये पोचल्यावर यादृच्छिक आकड्यांवरून, सुपरवायझरच्या बोटावरून नव्हे. मोठ्या कंपन्यांना एकाच मालासाठी चार-चार वेळा इन्स्पेक्टर पाठवावे लागतात, तो खर्च वाचेल आणि लहान युनिटाच्या टेस्ट सर्टिफिकेटला जर्मनीतला खरेदीदारही मान देईल. पाचांतली एक तपासणी दुसऱ्या इन्स्पेक्टरकडून पुन्हा करवायची, आणि ती कोणती हे अहवाल जमा होईपर्यंत कारखान्याला, पहिल्या इन्स्पेक्टरला किंवा संघटनेच्या अध्यक्षालाही कळू द्यायचं नाही.