दुकानातली ‘लोकर’ बहुतेक वेळा मेंढीची नसतेच! बाळाचं टोपडं विणायला घेण्याआधी एवढं बघा

थंडीची चाहूल लागली की तालुक्याच्या बाजारात लोकरीच्या दुकानापुढे बायकांची गर्दी वाढते. दुकान तरी कसलं, पुढे बांगड्या आणि कटलरी, मध्ये अस्तरं, बटणं, चेन, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत रचलेले रंगीबेरंगी गुंडे. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत म्हणून टोपडं-मोजे विणायचेत. कुणाला पुतणीच्या रुखवतात ठेवायला तोरण करायचंय. कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून क्रोशाची रांगोळी करायला घेतलीय. पोळ्याच्या आधी तर पुरुषमंडळीही येतात, बैलांच्या गोंड्यांसाठी.

मागताना सगळे एकच सांगतात, “लोकर द्या.” दुकानदारही लोकर म्हणूनच देतो. त्यात त्याची लबाडी नाही, आपल्याकडे शब्दच तसा रुळलाय. पण गुंड्यावरची पट्टी वाचली तर बहुतेक ठिकाणी ‘१०० टक्के ॲक्रिलिक’ असं छापलेलं असतं. ॲक्रिलिक म्हणजे खनिज तेलापासून कारखान्यात बनवलेला धागा. एका अर्थानं प्लास्टिकच्याच जातीतला. मेंढीशी त्याचा काही संबंध नाही.

मग आपल्या धनगर बांधवांच्या मेंढ्यांची लोकर जाते कुठे? ती दख्खनी मेंढी. तिची लोकर राठ आणि आखूड असते, म्हणून तिचं घोंगडं होतं. सणगर मंडळी हातमागावर ते विणतात, सुताला चिंचोक्याची खळ देतात. पावसाला, थंडीला आणि रानात अंथरायला त्या घोंगड्यासारखं दुसरं काही नाही. पण तेच सूत तान्ह्या बाळाच्या कानाला लावलं तर ते रडून घर डोक्यावर घेईल. दुकानात मऊ मऊ गुंडे लागतात ते यासाठी, आणि ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात.

ॲक्रिलिक वाईट असतं असं नाही. स्वस्त असतं, रंग पक्का राहतो, कसर लागत नाही, घरी धुता येतं. फक्त त्याचा एक दोष असा आहे की तो माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं.

शेगडीजवळ ॲक्रिलिक नको

खात्री करायची असेल तर घरी एक प्रयोग करून बघा. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची थाळी ठेवा आणि धाग्याचं टोक पेटवा. लेकरांना लांब ठेवा. मेंढीची लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येईल, ती रडतखडत जळेल आणि आगीतून बाजूला काढली की बहुधा विझेल. मागे राहील ती काळी ठिसूळ राख, बोटांनी चुरता येईल अशी. सुती धागा पटकन पेटतो, कागद जळाल्याचा वास येतो, राख मऊ आणि करडी. ॲक्रिलिक मात्र वितळत वितळत जळतं. काळा धूर निघतो, आणि थंड झाल्यावर टोकाला काळी कडक गाठ राहते, ती चुरली जात नाही.

ती वितळलेली गाठ बाळाच्या कातडीवर पडली तर काय होईल, याचा विचार करा.

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत बाळंतिणीला शेक-शेगडी असते. बाजेखाली निखारे, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी, आणि बाळाच्या अंगावर आजीनं हौसेनं विणलेला ॲक्रिलिकचा स्वेटर, टोपडं, मोजे. एक ठिणगी उडाली तरी पुरे. सुती कपडा जळतो, पण ॲक्रिलिक जळताना चिकटतं, आणि चिकटल्यामुळे जखम खोल जाते. धूर तान्ह्या बाळाच्या छातीला बरा नाही, हे डॉक्टर सांगतातच. तरी घरात शेगडी चालूच ठेवायची असेल तर निदान बाळाला त्या खोलीतून बाहेर ठेवा आणि अंगावर जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे मऊ कपडे घाला. चुलीपुढे बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आजीलाही हे सांगा. आजीची स्वतःची शालही तसल्याच धाग्याची असू शकते.

आणि भाजलंच तर? आधी आगीपासून दूर करा, मग भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीसेक मिनिटं सोडा. बर्फ नको. बाकीचं अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवा, लहान बाळ लगेच गारठतं. चिकटलेला धागा ओढून काढू नका, कातडीही सोबत येते. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काही लावू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा.

बाळासाठी विणताना आणखी दोन गोष्टी. टोपड्याला गळ्याखाली बांधायच्या लांब नाड्या आणि सैल मणी-बटणं नकोत. नाडी गळ्यात आवळते, बटण तोंडात जातं. आणि मोज्यांच्या आतल्या बाजूला धागे मोकळे सोडू नका, बाळाच्या इवल्याशा बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते कळतही नाही.

पट्टी फेकू नका, लॉट नंबर बघा

आता पैशाचं. गुंड्यावरच्या कागदी पट्टीकडे आपण बघतच नाही, घरी आल्यावर पहिली ती चुलीत जाते. खरं तर त्या पट्टीवरच सगळं असतं: धागा कशाचा, वजन किती, एमआरपी किती, कोणत्या नंबरची सुई वापरायची, धुवायचं कसं, आणि लॉट नंबर.

कारखान्यात धागा रंगवतात तो मोठमोठ्या पातेल्यांत, खेपेखेपेनं. प्रत्येक खेपेचा रंग किंचित वेगळा उतरतो. आपल्या घरीसुद्धा दोनदा केलेल्या चहाचा रंग एक येतो का? तसंच. दुकानात दोन गुंडे शेजारी धरले तर फरक डोळ्याला दिसत नाही. विणून उन्हात धरलं की मात्र स्वेटरच्या छातीवर आडवी रेघ ओढल्यासारखी दिसते. आमच्याच घरी एकदा असं झालं. पाठ आणि पुढचा भाग विणून झाले, बाह्यांना लोकर कमी पडली, म्हणून आठ दिवसांनी तोच रंग आणला. बाह्या वेगळ्याच स्वेटरच्या वाटायला लागल्या. शेवटी सगळं उसवलं.

म्हणून लागेल तेवढी लोकर एकदम घ्या आणि सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर एकच आहे का ते बघा. एखादा गुंडा जास्तच घ्या. पट्टी फाडलेली नसेल तर उरलेला गुंडा बदलून देतात का, हे घेतानाच विचारा. बरेच दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला बदलून देतात.

किती लागते? साधारण अंदाज असा: नवजात बाळाच्या टोपड्याला पंचवीस-तीस ग्रॅम, टोपडं-मोजे-स्वेटर अशा सेटला शंभर ते दीडशे ग्रॅम, मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चारशे ते सहाशे ग्रॅम. धागा जाड-बारीक असेल, तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल, तसा यात फरक पडतो. त्यासाठी आधी चार इंचाचा चौकोनी तुकडा विणून बघावा. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण पूर्ण स्वेटर उसवण्यापेक्षा बरं.

सुयांच्या नंबरात तर नव्या मुली हमखास फसतात. आपल्या दुकानातल्या जुन्या पद्धतीच्या विणकामाच्या सुयांना नंबर उलटा असतो: नंबर वाढला की सुई बारीक. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर. व्हिडिओवाली बाई मात्र मिलिमीटरमध्ये बोलते. ती म्हणते “चारची सुई घ्या”, आपण दुकानात जाऊन ४ नंबर मागतो आणि चांगली सहा मिलिमीटरची जाडजूड सुई घेऊन येतो. मग टाके सैल, स्वेटर बाबाच्या मापाचा. दुकानात मागताना मिलिमीटर की नंबर, ते सांगा.

विकायचं असेल तर

हौस भागली की पुढचा प्रश्न येतो, यातून चार पैसे सुटतील का? हिशेब मांडून बघू. समजा बाळाच्या सेटला १२० रुपयांची लोकर लागली, २० रुपयांची बटणं-रिबन. रोज दोन तास धरून आठ दिवस लागले, म्हणजे १६ तास. तासाला नुसते ३० रुपये धरले तरी मजुरी ४८० रुपये. एकूण ६२०. शेजारच्याच दुकानात मशीनवर विणलेला सेट याच्या निम्म्याहून कमी किमतीत टांगलेला असतो. गिऱ्हाईक कुठे जाईल?

आणि मग आपली बाई काय करते? मजुरी धरतच नाही. लोकरीचे पैसे निघाले की खूश. हे बरोबर नाही, बाहेर शेतात खुरपायला गेली असती तर कुणी फुकट राबवलं असतं का?

यातून वाट निघते ती क्रोशात. दोन सुयांचं विणकाम मशीन करतं, पण खरं क्रोशाचं काम अजून मशीनवर होत नाही. साखळी, मुका खांब, खांब हे सगळं हातानंच होतं. बाजारात मशीनची दिसते ती तशी दिसणारी जाळी. त्यामुळे दाराचं तोरण, चौरंगावरचा रुमाल, ताटाभोवतीची रांगोळी, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचे कपडे, रुखवताचं सामान अशा वस्तूंना मशीनच्या मालाची टक्कर कमी असते. त्यातही ऑर्डर घेऊन, गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मापात आणि रंगात केलं तर मजुरी मागायला तोंड राहतं. बचत गटात असाल तर उमेदच्या तालुका कक्षात चौकशी करा, गटांच्या मालासाठी प्रदर्शनं भरतात. मुंबईतलं महालक्ष्मी सरस त्यातलंच.

व्हॉट्सॲपवर “घरबसल्या लोकरकाम, महिन्याला हजारो रुपये” असले मेसेज फिरतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहा. आधी नोंदणी फी, मग सामानाचं डिपॉझिट, मग “माल नापास झाला” म्हणून दंड, अशी ती पद्धत असते. शेवटी नंबर बंद. काम देणारा माणूस तुमच्याकडून पैसे मागत असेल तर तिथंच थांबा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

त्यापेक्षा आपल्या बाजारातल्या लोकरवाल्यालाच विचारा. काही दुकानदार स्वतः लोकर देऊन नगावर मजुरीनं काम करून घेतात. तिथं काम घेताना तीन गोष्टी आधीच बोलून ठेवा: नगाला किती, पैसे कधी, आणि उरलेली लोकर कुणाची. वजन करून लोकर घ्या, वजन करून माल द्या आणि दोन्ही आकडे वहीत लिहून त्याची सही घ्या.