वर्तनशास्त्रातील संशोधन-पदवी : पुढे काय?

व्याख्या : मनुष्य निर्णय कसा घेतो, सवय कशी जडते व कशी सुटते, याचा निरीक्षण-प्रयोगांच्या आधारे होणारा अभ्यास म्हणजे वर्तनशास्त्र. मानसशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र हे त्याचे सख्खे सोयरे होत.

विद्यापीठ : खान्देशातील साक्री तालुका ज्याच्या अखत्यारीत येतो, ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव, स्थापना १५ ऑगस्ट १९९०.

अध्यापन : साहाय्यक प्राध्यापकपदासाठी संबंधित विषयाच्या पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण, आरक्षित प्रवर्गांस ५ टक्क्यांची सवलत, आणि नेट, सेट किंवा विद्यावाचस्पती.

क्षेत्रसंशोधन : खान्देशच्या उमेदवारास येथे खरे भांडवल लाभले आहे. 'कधी कधी' आणि 'क्वचित' यांतला भेद छापील प्रश्नावलीत सोपा दिसला, तरी साक्रीच्या बाजारात शेतमजूर बाईला तो अहिराणीत उलगडून सांगावा लागतो, आणि तो जो नीट सांगू शकतो त्याचीच नोंद विश्वसनीय ठरते. आरोग्य, शिक्षण व शेती यांविषयीच्या पाहण्या आणि योजनांचे मूल्यमापन यांत अशी कामे निघतात; बहुतेक नेमणुका मुदतबंद असतात.

भेद : मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. केवळ संशोधन-पदवीने यांपैकी कोणताही अधिकार मिळत नाही.

दक्षता : प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पदवीवर येणारे विषयाचे नाव नेटच्या विषयसूचीशी ताडून पाहावे.