भूमिकाखेळांची नियमपुस्तके : रचना व निर्देशसूची

खेळाडूंनी काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन, एका संचालकाच्या देखरेखीखाली, संभाषणातून व फाशांच्या साहाय्याने कथा घडवीत नेण्याच्या खेळास भूमिकाखेळ म्हणतात. पटावरील खेळात सोंगट्यांच्या चाली ठराविक असतात. भूमिकाखेळात मात्र पात्राने काय करावे, यावर फारसे बंधन नसते. साहजिकच नियमांचा विस्तार वाढतो व कित्येकदा ते शेकडो पानांच्या ग्रंथात सामावलेले असतात. अशा ग्रंथाचा उपयोग दोन प्रकारे होतो. नवशिका तो पाठ्यपुस्तकाप्रमाणे क्रमाने वाचतो. खेळ सुरू झाल्यावर मात्र तोच कोशाप्रमाणे, एखादा नियम हुडकण्यासाठी, उघडला जातो आणि तेवढा वेळ सर्व मंडळी खोळंबून राहतात. शिकण्यास सोयीचा क्रम शोधण्यास सोयीचा असतोच असे नाही. या दोन गरजांचा मेळ घालणे, हे रचनेचे व निर्देशसूचीचे मुख्य कार्य होय.

ऐतिहासिक आढावा : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यात ‘चेनमेल’ (१९७१) ही युद्धखेळाची पुस्तिका व ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा पटखेळ वाचकाजवळ असल्याचे गृहीत धरले होते. त्यामुळे नियमांचा शोध एका पुस्तकापुरता मर्यादित राहत नसे. पुढे याच खेळाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन मुख्य पुस्तके १९७७ ते १९७९ या काळात निघाली. पात्रे तयार करण्याचे नियम खेळाडूंच्या पुस्तकात, तर प्रहार यशस्वी झाला की नाही हे ठरविणारी कोष्टके संचालकाच्या पुस्तकात, अशी विभागणी झाली. संचालकाचे पुस्तक खेळाडूंनी वाचू नये, अशी लेखकाची भूमिका होती. म्हणजे येथे रचनेवरूनच नियम कोणाच्या हाती राहावेत, हेही ठरत होते.

१९८१ च्या ‘बेसिक’ व ‘एक्स्पर्ट’ या संचांत पृष्ठांकाआधी अनुक्रमे ‘बी’ व ‘एक्स’ ही अक्षरे छापलेली असून दोन्ही पुस्तकांची पाने सुटी करून एकत्र लावता यावीत, अशी योजना होती. १९८९ मध्ये राक्षस व प्राण्यांची माहिती सुट्या पानांवर छापून ती कड्यांच्या फाइलीत लावण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. परंतु एका पानाच्या दोन बाजूंस दोन वेगळे प्राणी आल्यामुळे नव्या पानांची भर पडताच वर्णानुक्रम बिघडू लागला. अखेर १९९३ मध्ये ही सामग्री पुन्हा बांधीव ग्रंथाच्या रूपात आली.

सूचीची तत्त्वे : सूचीतील नोंद लेखकाच्या परिभाषेइतकीच शोधणाऱ्याच्या मनात येणाऱ्या शब्दाखालीही असावी लागते. उदा., पात्र पाण्यात बुडू लागले, तर वाचक ‘बुडणे’ हा शब्द पाहील. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा नियम ‘गुदमरणे’ या मथळ्याखाली आहे. अशा वेळी दोन्ही शब्दांपुढे पृष्ठांक देणेच इष्ट. ‘अमुक पहा’ असे लिहिण्यास पृष्ठांकाहून कमी जागा लागत नाही, उलट वाचकाचा एक हेलपाटा वाढतो. त्याच आवृत्तीतील खेळाडूंच्या पुस्तकाच्या सूचीवर अतिसूक्ष्म टंक व अशा पुनर्निर्देशांचा अतिरेक या दोन कारणांनी बरीच टीका झाली. एकाच शब्दाचे अनेक अर्थ असल्यास पोटनोंदी आवश्यक ठरतात. या खेळात ‘लेव्हल’ हा शब्द पात्राची प्रगती, मंत्राची श्रेणी, राक्षसाचे बळ व तळघराचा मजला या चारही अर्थांनी येतो. त्यापुढे पृष्ठांकांची नुसती रांग निरुपयोगी होय. मुख्य विवेचनाचा पृष्ठांक ठळक टंकात देण्याची पद्धतही उपयुक्त ठरते.

पृष्ठांक कायम झाल्याशिवाय सूची पुरी होत नाही. म्हणून ती छपाईच्या तोंडावर, घाईने व उरलेल्या पानांत बसविली जाते. तिच्यातील उणिवांचे हे एक प्रमुख कारण आहे. संगणकीय शोधामुळे सूचीची गरज संपली, असे म्हणता येत नाही. यंत्र शब्दाची सर्व स्थळे दाखविते, पण त्यांपैकी नियम कोणता व ओझरता उल्लेख कोणता, हा विवेक सूचिकाराचाच असतो.

अलीकडील प्रयत्न : गॅव्हिन नॉर्मन यांच्या ‘ओल्ड-स्कूल एसेन्शल्स’ (२०१९) या ग्रंथात १९८१ चेच नियम नव्याने मांडले असून शक्यतो प्रत्येक विषय समोरासमोरच्या दोन पानांत पुरा केला आहे. नियम जुनेच राहिले, तरी केवळ मांडणीमुळे ग्रंथ हाताळण्यास सुकर झाला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ मधील खेळाडूंच्या पुस्तकात शेवटी वर्णानुक्रमी नियमकोश जोडला असून त्यात पृष्ठांकाऐवजी नियमच दिलेला आढळतो.

महत्त्व : नियम वेळेवर सापडला नाही, तर ज्याला तो आठवतो किंवा आठवतो असे जो ठासून सांगतो, त्याचाच शब्द अखेरचा ठरतो. जुन्या खेळाडूंस याची झळ लागत नाही. नवागत मात्र मुकाट्याने मागे राहतो. अनेक संचालक खेळाचा ओघ राखण्यासाठी तात्पुरता निर्णय देतात व तो रास्तही असतो. परंतु लिखित नियम पाहणे सहज शक्य असेल, तरच तो बाजूस ठेवण्याचा निर्णय स्वेच्छेचा म्हणता येतो. चांगल्या सूचीमुळे नियम एकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून न राहता खेळास बसलेल्या सर्वांचे होतात.