साखरेचा आजार आणि रेशनचा तांदूळ



किनवट तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरच्या मावशींना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी सोबत होते. परतताना मी मोठ्या विश्वासाने सांगितले, "मावशी, आता भात बंद."

मावशींनी माझे ऐकले. पण घरात रेशनचा तांदूळच होता. भात बंद म्हणजे रात्रीचे जेवणच बंद झाले. गोळी मात्र त्या नेमाने घेत राहिल्या. चौथ्या दिवशी पहाटे त्या घामाने डबडबून, थरथरत अंगणात बसल्या. सुनेने लगेच गुळाचे पाणी पाजले म्हणून निभावले. साखर वाढली नव्हती, एकदम उतरली होती. चूक माझी होती.

त्यानंतर आम्ही नांदेडला रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. तोवर मला वाटे, आहारतज्ज्ञ म्हणजे वॉर्डातल्या जेवणावर देखरेख करणाऱ्या बाई. त्यांनी आधी काहीच बंद केले नाही. त्यांनी विचारले, "मावशी, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं?" मग चहा किती वेळा, साखर किती चमचे, घरात स्वयंपाक कोण करते, मजुरीला किती वाजता जाता, गोळी केव्हा घेता, रेशनवर काय मिळते, हे सगळे विचारले. वाटी पुढे ठेवून भात किती ते दाखवायला सांगितले.

मग त्यांनी सांगितले ते असे: भात खायचा, पण मोजून एक वाटी. त्याबरोबर वरण आणि दुप्पट भाजी. जमेल तेव्हा एका वेळी ज्वारीची भाकरी. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश चढते. चहातली साखर हळूहळू कमी करायची. आणि गोळी घेतली की जेवण चुकवायचे नाही. यातले काहीही विकत आणायला शहरात जावे लागत नव्हते.

डॉक्टर औषध ठरवतात. ते औषध रोजच्या ताटाशी जुळवून देणे हे आहारतज्ज्ञांचे काम. म्हणून सल्ला प्रत्येकाला वेगळा असतो. रक्तदाब असेल तर दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक लहान चमचा. यात लोणचे, पापड आणि ठेच्यातले मीठही धरायचे.

मूत्रपिंडाचा आजार याहून नाजूक. लातूरला डायलिसिसवर असलेल्या एका ओळखीच्या बंधूंना आधी डाळ कमी करायला सांगितले होते. डायलिसिस सुरू झाल्यावर आहारतज्ज्ञांनी अंडी आणि डाळीचे प्रमाण वाढवले. घरचे गोंधळले. कारण साधे आहे: डायलिसिसपूर्वी प्रथिनांचा भार मूत्रपिंडावर पडतो म्हणून ती मर्यादित ठेवतात; डायलिसिसमध्ये प्रथिने शरीरातून निघून जातात म्हणून ती भरून काढावी लागतात. अशा रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाला धोका असतो. त्यासाठी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायला सांगतात. नारळपाणी आपण प्रेमाने नेतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. बाजारातल्या 'कमी सोडियम'च्या मिठातही ते असते. विचारल्याशिवाय यातले काही देऊ नये.

आपल्या स्वयंसेवकांना माझी विनंती:

१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब जवळच्या उपकेंद्रात तपासून घ्या. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

२. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, कुठेही रुग्ण नेला तर "आहारतज्ज्ञांना भेटता येईल का?" असे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

३. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या. छापील तक्ता वाचता येत नसेल तर तसे सांगा आणि वाटीचे माप समजून घ्या.

४. साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर, गोंधळ, दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. थेट १०८ ला फोन करा.

५. माझ्यासारखे मनाने "हे बंद, ते बंद" सांगू नका.

मावशींची तीन महिन्यांची साखर पूर्वीपेक्षा उतरली आहे, अजून पूर्ण आटोक्यात नाही. लग्नसराईत बुंदी सुटत नाही, असे त्या स्वतःच हसून सांगतात. पण आता पोडावर गेले की त्या मला त्यांची वाटी दाखवतात आणि विचारतात, "ताई, तुम्ही जेवलात का?"